शैलेन मन्ना : बचावफळीतील एक आयुष्य

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. प्रस्तुत लेखक साहित्यिक नव्हे. इतिहास विषय घेऊन बी. ए. झाल्यावर केंद्र शासनाच्या सेवेत शिरलेला आणि टिपणे, मसुदे व अहवाल यांतच आयुष्याची जवळजवळ तीन दशके घालविलेला तो एक सामान्य अधिकारी आहे. परंतु ज्या नगरीने आपल्या मंडळाला पन्नास वर्षे आसरा दिला, त्या नगरीचे काही ऋण मराठीतून फेडावे, असा विचार मनात आला आणि लेखणी हाती घेतली.

कोलकात्याशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. बर्गींच्या स्वाऱ्यांची आठवण येथील अंगाईगीतात अद्याप जिवंत आहे, हे बदली होऊन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहिल्याच महिन्यात हसत हसत ऐकविले जाते. पण त्या कटु आठवणीवर पुढे कितीतरी गोड थर चढले. सखाराम गणेश देउस्करांनी ‘देशेर कथा’ हा ग्रंथ बंगालीत लिहिला. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांना मराठी घराघरांत पोचविले. वाङ्मयाच्या या पुलावरून आपण वारंवार ये-जा करतो. या नगरीच्या अंतःकरणाचा आणखी एक दरवाजा आहे, तिकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. तो दरवाजा म्हणजे मैदान, आणि त्या मैदानावरील फुटबॉल.

तो दरवाजा माझ्यासाठी कसा उघडला, हे सांगितल्यावाचून पुढील कथा सांगता येणार नाही. १९९६ साली मी या शहरात नव्याने रुजू झालो होतो. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक घडली. मंत्रालयाकडे जावयाच्या एका तक्त्यात बेरीज चुकली आणि तो तक्ता कडक शेऱ्यासह परत आला. चूक सर्वस्वी माझी होती. चार दिवस मी मान वर करून कोणाशी बोललो नाही. आमच्या विभागात निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेले एक वयोवृद्ध अधीक्षक होते. पाचव्या दिवशी त्यांनी मला खाली चहाच्या टपरीवर नेले, मातीच्या भांड्यातला चहा हातात दिला आणि एकदम विचारले, “शैलेन मन्ना हे नाव ऐकले आहे का?” मी नकारार्थी मान हलविली. “तुम्ही मुंबईकडचे लोक क्रिकेटवाले,” ते म्हणाले, “तुम्हाला कोण सांगणार! ऐका तर. आमच्या मान्नादांनी ऑलिंपिकमध्ये पेनल्टी चुकविली. सारा देश पाहत होता. तुमच्या तक्त्याकडे कोण पाहत होते?”

त्या दिवशी चहाबरोबर जे ऐकले, त्यात पुढील वाचनाने आणि विचारपूसीने भर पडत गेली. त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवीत आहे.

हावड्याचा मुलगा

शैलेंद्रनाथ मन्ना यांचा जन्म १ सप्टेंबर १९२४ रोजी गंगेपलीकडील हावडा येथे झाला. हावडा म्हणजे तागाच्या गिरण्या, लोखंडाचे कारखाने आणि रेल्वेचा गजबजाट. तेथील गल्ल्यांतून व मोकळ्या जागांतून मुले अनवाणी पायांनी चेंडू खेळत. बूट हा गोऱ्या पलटणींचा थाट समजला जाई. १९४० साली मन्ना हावडा युनियन या संघाकडून कोलकात्याच्या दुय्यम श्रेणीत खेळू लागले आणि १९४२ साली, वयाची अठरा वर्षे पुरी होत असताना, मोहन बागानमध्ये दाखल झाले. तेथे ते १९६० पर्यंत खेळले. एवढा काळ एकाच संघाचा पोशाख अंगावर राहणे ही गोष्ट त्या काळीही विरळ होती.

मोहन बागान हे नुसत्या एका क्लबाचे नाव नव्हे, हे आपल्या वाचकांना सांगणे आवश्यक आहे. १८८९ साली स्थापन झालेल्या या संस्थेने २९ जुलै १९११ रोजी आय. एफ. ए. शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश पलटणीच्या संघाचा २-१ असा पराभव केला. त्या अकरा जणांपैकी एकाच्याच पायांत बूट होते. वंगभंगाची जखम ताजी असताना मिळालेला तो विजय बंगालने खेळातील विजय म्हणून साजरा केलाच नाही; तो राष्ट्राचा विजय मानला गेला. लोकमान्य तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते, एवढे लक्षात घेतले म्हणजे मराठी वाचकाला त्या काळाची कल्पना येईल.

या संघाची आणखी एक परंपरा होती. त्याने बचावपटूंना देव्हाऱ्यात बसविले. मन्ना येण्यापूर्वी गोष्ठ पाल हे मोहन बागानचे थोर बचावपटू होऊन गेले. त्यांना लोक ‘चीनची भिंत’ म्हणत. १९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय फुटबॉलपटू होत. मैदानावर त्यांचा पुतळा उभा आहे. गोल करणाऱ्याला डोक्यावर घेणे सोपे असते. गोल होऊ न देणाऱ्याचा पुतळा उभारणारे शहर खेळ समजून पाहणारे असते, असे माझे नम्र मत आहे.

दोघांची फळी

मन्ना डाव्या बाजूचे फुल-बॅक होते. त्यांचे काम किती अवघड होते हे समजण्यासाठी त्या काळची संघरचना पाहावी लागते. आज गोलरक्षकापुढे सामान्यतः चार बचावपटू उभे असतात. मन्ना यांच्या उमेदीच्या काळात भारतात दोनच असत. त्यांच्यापुढे तीन हाफ-बॅक आणि सर्वांत पुढे पाच आघाडीवीर. म्हणजे प्रतिपक्षाचे पाच जण चालून आले आणि आपले हाफ-बॅक वेळेवर मागे परतले नाहीत, तर त्या पाचांना अडविण्यास दोघेच उरत. अशा वेळी अंगबळ कामास येत नाही. चेंडू कोठे पडणार आहे हे तो पडण्याआधी ओळखणे, आघाडीवीराला आपल्या सोयीच्या कडेला ढकलीत नेणे, पाय नेमका केव्हा घालावा आणि केव्हा आवरून धरावा हे जाणणे, यांतच बचावपटूची विद्या असते.

मन्ना यांच्यापाशी ती विद्या होती आणि तिच्या जोडीला संयम होता. पाडापाडी करून चेंडू मिळविणे त्यांच्या स्वभावात नव्हते, असे त्यांचा खेळ पाहिलेले सर्वजण सांगत. दुसरे भूषण म्हणजे त्यांची फ्री किक. दुरून घेतलेला त्यांचा जोरकस फटका गोलरक्षकांच्या धास्तीचा विषय होता. या फटक्यामुळेच पेनल्टीची वेळ आली की संघाची नजर साहजिकच त्यांच्याकडे वळे. पुढे जे घडले त्याचे बीज त्यांच्या या सामर्थ्यातच होते.

१९४३ आणि १९४४ या लागोपाठच्या वर्षी मोहन बागानने कोलकाता लीग जिंकली. १९४६ साली दंगलींनी शहर होरपळले आणि शिल्ड स्पर्धाच झाली नाही. १९४७ साली मोहन बागानने अंतिम सामन्यात ईस्ट बंगालला १-० असे हरवून शिल्ड जिंकली. १९११ नंतर ती पुन्हा हाती येण्यास छत्तीस वर्षे लागली होती. पहिल्या वेळी देश परतंत्र होता. दुसऱ्या वेळी तो स्वतंत्र आणि विभागलेला होता. त्या दुसऱ्या शिल्डच्या संघात तेवीस वर्षांचे मन्ना होते.

लंडन, १९४८

स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ प्रथमच ऑलिंपिकला गेला तो १९४८ साली लंडनला. कर्णधार होते नागा टेकड्यांतून आलेले तालिमेरेन आओ. तेही बचावाच्या बाजूचे खेळाडू आणि पुढे व्यवसायाने डॉक्टर. मन्ना उपकर्णधार होते. ३१ जुलै रोजी लंडनच्या उपनगरातील इल्फर्ड येथे फ्रान्सशी सामना झाला. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. काहींच्या पायांना नुसत्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. प्रेक्षक कुतूहलाने पाहावयास आले आणि खेळ पाहून चकित झाले.

तिसाव्या मिनिटास फ्रान्सने गोल केला. उत्तरार्धात सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. आंतरराष्ट्रीय सामन्यात स्वतंत्र भारताचा तो पहिला गोल. भारताला या सामन्यात दोन पेनल्टी मिळाल्या. एक मन्ना यांनी घेतली, दुसरी महावीर प्रसाद यांनी. दोन्ही वाया गेल्या. सामना संपत आला असताना फ्रान्सने दुसरा गोल केला आणि भारत १-२ असा हरला.

आमचे अधीक्षक तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांच्या गल्लीत त्या रात्री कोणी कोणाशी बोलले नाही, असे ते सांगत. वर्तमानपत्रांनी खेळाचे कौतुक केले, इंग्रज प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. राजघराण्यातील मंडळींनी मन्नांना अनवाणी खेळण्याबद्दल नवलाने विचारले, अशी आख्यायिकाही या शहरात प्रेमाने सांगितली जाते. पण निकाल बदलला नाही. आघाडीवीराने दहा संधी दवडून अकरावी साधली तर दहा विसरल्या जातात. बचावपटूने शंभर हल्ले परतविले आणि एक चूक केली तर शंभर विसरले जातात, एक राहते. हा हिशेब अन्यायाचा आहे. पण तो मान्य करूनच माणसाला बचावफळीत उभे राहावे लागते.

दिल्ली आणि न झालेला प्रवास

१९५० साली ब्राझीलमध्ये विश्वचषक स्पर्धा भरणार होती. आशियातील इतर देशांनी माघार घेतल्यामुळे भारताला एकही सामना न खेळता प्रवेश मिळाला. स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्या गटात भारताचे नाव निघाले होते. भारत गेला नाही. अनवाणी खेळण्यास मनाई झाल्यामुळे भारताने माघार घेतली, ही कथा पुढे फार रुजली. मन्ना यांनी उत्तरायुष्यात मुलाखतींतून ती अमान्य केली. त्यांचे म्हणणे असे की, त्या वेळी खेळाडूंना विश्वचषकाचे महत्त्वच ठाऊक नव्हते. त्यांच्या दृष्टीने ऑलिंपिक हेच सर्वस्व होते. लांबचा समुद्रप्रवास, खर्च, सरावाला अपुरा वेळ, संघनिवडीतील मतभेद अशी अनेक कारणे पुढे आली. पण मुळाशी होती ती दृष्टीची उणीव. जे महत्त्वाचे आहे ते वेळीच न ओळखणे हा दोष खेळाडूंचा नव्हता, धुरीणांचा होता. त्यानंतर आजवर भारताच्या पुरुष संघाला विश्वचषकाच्या मुख्य फेरीत खेळण्याची संधी मिळालेली नाही. गेलेली नौका परत येत नाही, हेच खरे.

परंतु त्याच मन्नांच्या हातून दुसरे मोठे कार्य व्हावयाचे होते. मार्च १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. भारतीय फुटबॉल संघाचे नेतृत्व मन्ना यांच्याकडे आले. मार्गदर्शक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शिक्षक आणि भारतीय फुटबॉलमधील सर्वांत थोर गुरू. इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-० आणि अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले. निर्णायक गोल साहू मेवालाल यांचा होता.

या तीन आकड्यांकडे वाचकांनी पुन्हा एकदा पाहावे. भारताने सात गोल केले, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात येते. भारतावर एकही गोल झाला नाही, ही गोष्ट शून्याच्या रूपाने समोर असूनही डोळ्यांत भरत नाही. ते शून्य बचावफळीने कमावलेले होते. इल्फर्डला ज्याचा फटका वाया गेला, तो तीन वर्षांच्या आत आशियाच्या विजेत्या संघाचा कर्णधार म्हणून दिल्लीत उभा होता. अधीक्षकांनी मला ही कथा सांगितली ती याच वाक्यासाठी.

हेलसिंकी, १९५२

कथा येथेच संपली असती तर ती बोधकथा झाली असती. पण इतिहास बोधकथेच्या सोयीने चालत नाही. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला भारताचा संघ पुन्हा मन्नांच्या नेतृत्वाखाली गेला. १५ जुलै रोजी युगोस्लाव्हियाशी गाठ पडली आणि भारत १-१० असा हरला. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी केला.

दहा गोल! बचावपटू असलेल्या कर्णधाराच्या माथी याहून मोठा बट्टा कोणता लागावा? परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने कारणे पाहिली पाहिजेत. हवा थंड होती, गवत ओले होते आणि आपल्यातील अनेकजण अनवाणी होते. भारतात त्या काळी सामने सत्तर मिनिटांचे असत. तेथे नव्वद मिनिटे खेळावे लागले. आणि समोर होता तो युरोपातील अग्रगण्य संघ. याच युगोस्लाव्हियाने त्या स्पर्धेत सोव्हिएत संघाशी ५-५ अशी बरोबरी केली, पुढे पुनर्लढतीत त्याला हरविले आणि शेवटी रौप्यपदक मिळविले. आपल्या दोघांच्या फळीचे दिवस संपत आले होते. जग पुढे गेले होते. या पराभवानंतर भारतात बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. पराभवातून धडा घेतला गेला, हे त्यातल्या त्यात समाधान.

येथे एका मराठी माणसाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे मन्ना यांच्याप्रमाणेच लंडन आणि हेलसिंकी या दोन्ही ऑलिंपिकना गेले होते. लंडनला सहावा क्रमांक आणि हेलसिंकीला, २३ जुलै १९५२ रोजी, कुस्तीत कांस्यपदक. वैयक्तिक खेळातील स्वतंत्र भारताचे ते पहिले पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. एकाच महिन्यात, एकाच नगरीत, एकाने देशाचे पहिले वैयक्तिक पदक मिळविले आणि दुसऱ्याने दहा गोलांचा पराभव पत्करला. पण मायदेशी परतल्यावर दोघांचे भवितव्य फारसे निराळे ठरले नाही. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. मन्ना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या केंद्र शासनाच्या खात्यात नोकरीस होते. खेळाने कीर्ती दिली. चूल पेटविली ती नोकरीने.

हेलसिंकीनंतर मन्ना संपले, असे मात्र झाले नाही. १९५२ ते १९५५ या काळात कोलंबो, रंगून, कोलकाता आणि ढाका येथे झालेल्या चौरंगी स्पर्धांत भारत अजिंक्य ठरला. पहिल्या वर्षी तो मान पाकिस्तानबरोबर वाटून घ्यावा लागला. आणि दहा गोलांच्या पराभवाला वर्षही लोटते न लोटते तोच, १९५३ साली, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या वार्षिकाने जगातील दहा उत्कृष्ट कर्णधारांत मन्ना यांचा समावेश केला. ज्यांनी फुटबॉल जगाला दिला त्यांनी केलेला हा गौरव. कर्णधाराचे मोजमाप केवळ धावफलकावर होत नसते, हे त्यांना ठाऊक होते.

क्लबच्या बाजूने पाहता हा काळ वैभवाचा होता. १९५३ साली मोहन बागानने प्रथमच ड्युरँड चषक जिंकला. १९५४ साली लीग आणि शिल्ड एकाच वर्षी मिळविण्याचा पराक्रम घडला. १९५५ साली मुंबईच्या कुपरेज मैदानावर रोव्हर्स चषकही पहिल्यांदाच मोहन बागानकडे आला. १८९१ पासून चालत आलेली ही मुंबईची स्पर्धा आता इतिहासजमा झाली आहे. पण एके काळी दादर-गिरगावातील क्रिकेटवेडी मंडळीही कोलकात्याचे संघ पाहण्यासाठी कुपरेजची वाट धरीत. त्याच सुमारास चुनी गोस्वामी हा तरुण मोहन बागानच्या आघाडीत आला. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार झाला. दोन सुवर्णपदकांचे दोन कर्णधार, दोघेही एकाच अंगणातले.

मोबदल्याचा प्रश्न

आता ज्या गोष्टीसाठी मन्ना यांचे नाव या शहरात विशेष आदराने घेतले जाते, तिच्याकडे वळतो. त्यांनी मोहन बागानकडून खेळण्याचा मोबदला घेतला नाही. त्या काळी भारतीय फुटबॉल नावापुरता हौशी होता. पडद्याआड देवघेव चालत असे, खेळाडू क्लब बदलीत आणि त्यांना आपल्याकडे ओढण्यासाठी चढाओढ होई. मन्ना या बाजारात उतरले नाहीत. दिवसा कचेरी आणि नंतर मैदान, असा त्यांचा क्रम होता.

या निःस्पृहतेपुढे मान लवते. तरीही एक प्रश्न मनात येतो आणि तो दडविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकाने मोबदला नाकारणे हा त्याचा मोठेपणा. परंतु त्याच्या मोठेपणावर संस्थांनी किती काळ चालावे? ज्यांच्या नावावर हजारो तिकिटे खपली, त्यांतील सगळ्यांनाच सरकारी खात्याचा आसरा मिळाला नाही. कितीतरी जण दुखावलेला गुडघा घेऊन अंधारात गेले. म्हणून पुढे खेळ उघडपणे व्यावसायिक झाला, १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, २०१४ पासून मोठ्या भांडवलाच्या स्पर्धा आल्या, याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. खेळाडूला त्याच्या घामाचे दाम मिळणे हा न्याय आहे.

मात्र दाम घेणारा तो व्यावसायिक आणि न घेणारा तो हौशी, एवढाच भेद पुरेसा नाही, हे मन्ना यांच्या चरित्रावरून पटते. रोज वेळेवर सरावाला येणे, अपयशानंतर तोंड न लपविता पुन्हा त्याच जागी उभे राहणे, प्रतिपक्षाला इजा न करता आपले काम चोख करणे, यालाच जर व्यवसायनिष्ठा म्हणावयाचे असेल, तर एक पैसाही न घेतलेले मन्ना पक्के व्यावसायिक होते.

निवृत्तीनंतरही ते मैदानापासून दूर गेले नाहीत. मोहन बागानच्या कारभारात त्यांनी जबाबदाऱ्या सांभाळल्या. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २००० साली त्यांना सहस्रकातील फुटबॉलपटू म्हणून गौरविले आणि २००१ साली ते ‘मोहन बागान रत्न’ ठरले. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

त्या दिवशी मी आमच्या अधीक्षकांना दूरध्वनी केला. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “दादा, ती पेनल्टी आत गेली असती, तर मला तुम्हाला सांगण्यासारखे काय उरले असते?” या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. या शहराने मन्नांची चूक झाकली नाही आणि तिच्यासाठी त्यांना टाकलेही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे एखादे अपयश जसे घरातलेच म्हणून सांगितले जाते, तसे त्यांनी ते सांगितले. माणसाला आपले मानणे म्हणजे याहून निराळे काय असते?

सरकारी सेवेत दरवर्षी कामाचा अहवाल लिहिला जातो. त्यात काय केले याचे रकाने असतात; काय होऊ दिले नाही, याचा रकाना नसतो. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांचा अहवालही असाच आहे. किती गणेशोत्सव झाले, किती नाटके बसविली, यांचे आकडे या स्मरणिकेत अन्यत्र येतील. पण परमुलखात नव्याने आलेले एखादे कुटुंब एकाकी पडू दिले नाही, एखाद्या मुलाच्या तोंडची मराठी सुटू दिली नाही, भांडणे झाली तरी मंडळाचे दार बंद होऊ दिले नाही, याची नोंद कोठे सापडणार? कचेरी सुटल्यावर सतरंज्या घालणाऱ्या, वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्या आणि समारंभात मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे काम केले. त्यांनीही कधी मोबदला घेतला नाही. म्हणूनच त्यांच्या भल्याबुऱ्याची विचारपूस करणे हे मंडळाचे कर्तव्य ठरते.

चौरंगीकडून मैदानाच्या बाजूने जाताना सायंकाळी अजूनही मुले चेंडू खेळताना दिसतात. प्रत्येकाला पुढे धावावयाचे असते, गोल करावयाचा असतो. मागे राहण्यास कोणीच राजी नसतो. अखेर एखादा मुलगा काही न बोलता मागे जाऊन उभा राहतो आणि खेळ सुरू होतो. हल्ली त्या मुलाकडे पाहून मी क्षणभर थांबतो.